जंगलातल्या कॅम्पकडून शहरातली वीज मागू नका

सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि डोकंच फिरलं. ओकावांगो डेल्टा, बोट्स्वाना. म्हणजे आफ्रिकेत ओकावांगो नदीचं पाणी जिथे वाळूत पसरतं ती दलदल, आणि तिथला एक सफारी कॅम्प. आपलंच एक मराठी जोडपं तंबूत उभं राहून सांगतंय, "माणशी रात्रीला दोन हजार डॉलर मोजले आणि साधा हेअर ड्रायर नाही. लूट आहे!" खाली सगळ्यांचे हसरे इमोजी.

अहो, तिथे विजेची तारच पोचत नाही! सगळा कारभार सोलर आणि बॅटऱ्यांवर. ड्रायर दीड-दोन हजार वॅट खेचतो. संध्याकाळची सफारी संपली की सगळे एकदमच अंघोळीला जातात. बारा तंबूंत एकाच वेळी ड्रायर लागले की वीस किलोवॅटच्या आसपास लोड, तोही सूर्य मावळल्यावर. इन्व्हर्टर ट्रिप होतो, नाहीतर मध्यरात्री बॅटऱ्या बसतात आणि जनरेटर लावावा लागतो. म्हणजे सिंहाची डरकाळी ऐकायला एवढ्या लांब जायचं आणि रात्रभर डिझेल इंजिन ऐकायचं.

ते डिझेल तरी येणार कुठून? डेल्टाच्या काठावरच्या माउन गावातून. अंगोलाच्या डोंगराळ भागात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सपाट जमिनीवरून रेंगाळत माउनपर्यंत यायला जून-जुलै उजाडतो. आकाश कोरडं, आणि डेल्टात पूर! रस्ते पाण्याखाली जातात, नेमके पर्यटकांच्या हंगामात. मग बटाट्यापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं बोटीने नाहीतर विमानाने.

आणि मैला? त्याबद्दल व्हिडिओत अवाक्षर नाही. तिथली जमीन म्हणजे कालाहारीची वाळू. शोषखड्डा खणला तर घाण थेट भूजलात, आणि प्यायचं पाणीही तेच. म्हणून सांडपाण्याची टाकी जमिनीवर बसवतात, आत जिवाणू काम करतात. कुणी कमोडमध्ये वेट वाइप टाकला की पंप चोक. ब्लीच ओतलं की जिवाणू मेले, मग दुर्गंधी. बोअरही कुठेही मारून चालत नाही. कॅम्प असतात डेल्टातल्या बेटांवर; तिथली झाडं पाणी शोषतात, क्षार मागे राहतात, त्यामुळे बेटाच्या मधोमध पाणी खारट लागतं.

दोन हजार डॉलर तंबूचे नाहीतच. आजूबाजूला दुसरा तंबू नाही, त्याचे आहेत. माणसं कमी, दर जास्त हे बोट्स्वानाचं ठरवलेलं धोरण आहे. 2014 साली डेल्टा जागतिक वारसा यादीतलं 1000वं स्थळ झालं. तिथे हॉटेलांची रांग लागली असती तर काय राहिलं असतं?

बोट्स्वानाच्या सामान्य माणसालाच हे दर परवडत नाहीत, हे मान्य.

व्हिडिओ परत पाहिला. त्या बाई कुडकुडत होत्या. जुलैची पहाट, पारा पाच-सहा अंशांवर, पुढे उघड्या गाडीतली सफारी, आणि ओले केस. त्यांचा राग समजतो. बुकिंग करणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं, आणि त्याने तोंड उघडलेलं दिसत नाही.

म्हणून जाणाऱ्यांनो, केस दुपारी धुवा, दोन सफारींच्या मधे, ऊन असताना. कानटोपी न्या. बॅग मऊ, बिनचाकाची, हातातल्या सामानासकट वीस किलोच्या आत. छोट्या विमानाच्या पोटातल्या कप्प्यात कडक सुटकेस जात नाही. आणि पैसे भरण्याआधी कॅम्पला दोन गोष्टी विचारा: जनरेटर दिवसात किती तास चालतो, आणि मैल्याचं काय करता. उत्तर द्यायला टाळाटाळ केली, तर दुसरा कॅम्प बघा.