तिसऱ्या बाकावरच्या मावशी आणि अमेरिकेतली एक 'बातमी'

आज सकाळी उपासनेहून घरी येऊन चहा ठेवते तोवर आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट पडला. ह्यूस्टनच्या पुरात जोएल ऑस्टीन नावाचा बडा पाळक (पास्टर) आलिशान यॉट घेऊन बुडालेल्या घरांमधून फिरला आणि लोकांना स्वतःच्याच पुस्तकाच्या प्रती वाटत गेला, अशी ती 'बातमी'. खाली रागाचे चेहरे, "असे पाळक देव बघून घेईल", "शेवटचा काळ आलाय". वेबसाइटचं नाव कुणीतरी व्यवस्थित कापून टाकलेलं.

मी लिहिलं, अहो, ही थट्टा आहे. बॅबिलॉन बी नावाची अमेरिकन ख्रिस्ती लोकांची विनोदी बातम्यांची वेबसाइट आहे, त्यांनी ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी वादळाच्या वेळी लिहिलेलं हे. असं काही घडलेलं नाही. तर उत्तर काय आलं? "खोटं असलं तरी खरंच आहे ताई."

दुपारचं जेवण गेलं नाही मला. खोटं असलं तरी खरं! हे आपण म्हणायचं? "खोटी साक्ष देऊ नको" हे संडे स्कूलमध्ये पाठ करून वाढलेल्या माणसांनी?

मला राग बॅबिलॉन बीवर नाही. निदान त्या यॉटसाठी तरी नाही. ऑस्टीनच्या लेकवुड चर्चची इमारत एवढी प्रचंड, आधी ते बास्केटबॉलचं स्टेडियम होतं. पुरात तिचे दरवाजे लगेच उघडले नाहीत म्हणून सगळीकडून टीका झाली. (चर्चने आपली कारणं सांगितली, नंतर लोकांना आत घेतलंही. तेही नोंदवते.) तेव्हा ख्रिस्ती माणसांनीच ख्रिस्ती पाळकाला टोचलं. हे मला तेव्हाही आवडलं, आजही आवडतं. 2016 मध्ये ॲडम फोर्डने ही वेबसाइट सुरू केली तेव्हा मी रोज वाचायचे. स्टेजवरचं धुराचं मशीन बिघडलं म्हणून पवित्र आत्म्याला मंडळीत संचार करता येईना, असली शीर्षकं! आपल्याच घरातला केर आपणच काढायचा. असं हसणारी माणसं त्यांच्याकडे आधीही होती. 1971 पासून 'विटेनबर्ग डोअर' नावाचं मासिक निघायचं, मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गच्या चर्चच्या ज्या दारावर आपले आक्षेप ठोकले म्हणतात, त्यावरून नाव घेतलेलं. नावातलं स्पेलिंगच चुकलं, तर यांनी ते तसंच ठेवलं!

आणि आपल्याकडे काय कमी होतं? लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा राग, त्यांचं घरातलं होतं नव्हतं ते वाटून टाकणं, सगळं लिहिलं. वाचताना पोट धरून हसतो आपण, पण टिळकांवरची माया कुठे तसूभर कमी होते का?

आता माझी गोष्ट. मंडळीतल्या जुन्या लोकांना ती माहीत आहे.

1998 च्या नाताळात आमच्या तरुण संघाने भित्तीपत्रक काढलं. अक्षर माझं बरं, म्हणून लिहिलं मी. पहिलीच बातमी अशी: "पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला तेव्हा पाळण्यात असलेलं मूल उपदेश संपला तेव्हा दहावीला बसलं." आमची छाती धडधडत होती. साहेबांनी चष्मा वर करून ती वाचली, मग वेदीवरून मंडळीला वाचून दाखवली, आणि पुढच्या रविवारी अठरा मिनिटांत उपदेश आटोपला. मंडळीने टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी आम्ही चेकाळलो. तिसऱ्या बाकावर एक मावशी बसायच्या. खाकी कागदाचं कव्हर घातलेलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात उघडं धरायच्या आणि प्रत्येक ओळ सगळ्यांच्या मागून, उंच आवाजात गायच्या. मी लिहिलं, "मंडळीत प्रतिध्वनीची सोय झाली, यंत्र तिसऱ्या बाकावर." सगळे हसले. मावशींनी एका पोराला विचारलं, काय लिहिलंय रे? त्याने मोठ्याने वाचलं. मावशीही हसल्या, पदर तोंडाला लावून.

त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्यांचे शब्द ऐकून मग त्या गायच्या, म्हणून ओळ मागे पडायची. हे मला नंतर पाळकीणबाईंनी सांगितलं. साहेबांनी तोवर भित्तीपत्रक काढून, चार घड्या घालून बायबलमध्ये ठेवलं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत.

दोन महिने मावशी आल्या नाहीत. मग आल्या, पण गायल्या नाहीत.

साहेब माझ्यापेक्षा मोठे होते. त्यांच्यावर हसलो तर ते अठरा मिनिटांत थांबू शकत होते. मावशी काय करणार होत्या? मला बॅबिलॉन बीचं नंतरचं रूप सोसत नाही ते यामुळेच. 2018 मध्ये फोर्डने वेबसाइट सेथ डिलनला विकली, आणि बघता बघता चर्चचा केर मागे पडून शेजाऱ्याच्या अंगणातला केर सुरू झाला. मार्च 2022 मध्ये रेचल लेव्हिन या अमेरिकी सरकारातल्या ट्रान्सजेंडर आरोग्य अधिकारी बाईंना त्यांनी 'मॅन ऑफ द इयर' म्हटलं. ट्विटरने खातं अडवलं, यांनी ट्वीट काढायला नकार दिला, इलॉन मस्कने कंपनी घेतल्यावर नोव्हेंबरमध्ये खातं परत मिळालं. ट्विटरने तसं करायला नको होतं, ठीक आहे, मान्य. फेसबुकनेही 2018 मध्ये सीएनएन ही वृत्तवाहिनी बातम्या पिळायला मोठं वॉशिंग मशीन घेते या उघड विनोदावर इशारा दिला होता आणि नंतर माफी मागितली, तोही वेडेपणाच.

लेव्हिनबाई मोठ्या पदावर होत्या, मावशीसारख्या नव्हत्या, असं कुणी म्हणेल. असेल. पण तो विनोद त्यांच्या कामावर कुठे होता? आणि तसलं शरीर, तसलं मन घेऊन आपल्या मंडळीत मागच्या बाकावर गप्प बसणारं एखादं लेकरू ते वाचतं, त्याचं काय? ते पदर तोंडाला लावून हसतं आणि मग यायचं थांबतं. ख्रिस्ताच्या नावाने हे करायचं? त्याने कडक शब्द वापरले ते परूश्यांना, शास्त्र्यांना, मंदिरातल्या सराफांना. विहिरीवरच्या शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना हलकं समजायचे त्यांतल्या, बाईकडे त्याने पाणी मागितलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ग्रुपवर ज्या दादांनी ते टाकलं ते वाईट नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात रात्र रात्र बसलेला माणूस तो. त्यांना खरंच वाटलं असणार की अमेरिकेत असं घडलं. पण कळल्यावरही "खरंच आहे" म्हणायचं, हे मी सोडणार नाही. ऑस्टीनची शिकवण मला पटत नाही, म्हणून त्याच्या नावावर न केलेलं पाप लिहायचा हक्क मला मिळत नाही.

पाळकसाहेब गेले तेव्हा पाळकीणबाईंनी ते बायबल मला उघडून दाखवलं होतं. घडी केलेला कागद तसाच आत. माझं ते बरं अक्षर.

स्क्रीनशॉट अजून ग्रुपवर आहे. दादांना फोन लावतेय, उचलला तर "सलाम दादा" म्हणून सुरुवात करीन आणि आधी मावशींची गोष्ट सांगीन.