पागेर लिहून दाखवता येत नाही

आठ वर्षं मी गरीच्या, म्हणजे गळाच्या, मासेमारीवर आणि छोट्या होड्यांवर मराठीत लिहितोय. यापुढे मुख्य काम व्हिडिओचं करायचं ठरवलंय. वाचणारे आहेत, मग हे कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून जरा सविस्तर.

पहिला धक्का दिला गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाने. तिळारीचं पाणी घेऊन आलेली ही नदी मोरजी आणि शापोरा यांच्यामध्ये समुद्राला मिळते, आणि तिथे वाळूचा उथळ पट्टा आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून पश्चिमेचा वारा आला, की त्या पट्ट्यावर लाट उभी राहते. छोटी होडी तिथे आडवी झाली तर सावरायला वेळ मिळत नाही. मी लिहिलं होतं, 'लाट उभी राहिलेली दिसली तर आत थांबा.' एका वाचकाने प्रामाणिकपणे विचारलं, 'उभी म्हणजे कशी?' मी चार परिच्छेद उत्तर लिहिलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, ज्याने ती लाट पाहिलीय त्यालाच ते समजेल. किनाऱ्यावरून वीस सेकंद फोन धरला असता तर काम झालं असतं. इथे प्रश्न जिवाचा आहे.

दुसरं कारण आबा. आमच्या वाड्यावरचे, सत्तरी ओलांडलेले. हाताने फेकायच्या जाळ्याला पुस्तकी मराठीत पाग म्हणतात, आम्ही पागेर म्हणतो. दोरी मनगटाला, जाळ्याचा एक पदर कोपरावर, शिशाची कड दातात, मग कमरेतून गिरकी. जाळं हवेत पूर्ण गोल उघडतं आणि शिसं सगळीकडून एकदम पाण्याला लागतं. हे मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा खोडलं. कारण आबांचं खरं कसब त्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. ते नुसते उभे राहतात. शेवटे माशांचा थवा वळला की पाण्याचा रंग किंचित बदलतो, तो त्यांना दिसतो. 'पयलीं उदक पळय, मागीर पागेर मार,' म्हणजे आधी पाणी बघ, मग जाळं टाक, एवढंच सांगतात. त्यांचा उजवा खांदा आता धरलाय, महिन्यातून एखाद्या वेळी टाकतात. आणखी दोन पावसाळ्यांनी कदाचित टाकणारही नाहीत. मला घाई आहे ती याची.

व्हिडिओची समज असलेल्या एका मुलाने सल्ला दिला, पहिल्या तीन सेकंदांत मोठा मासा दिसला पाहिजे. हे मी करणार नाही. आबांची ती दहा मिनिटं कापली तर शिकवायला उरतं काय? शिवाय मोठ्या माशाचं वेड आपल्या नद्यांना महाग पडतं. चोणक घ्या, रायगडकडचा जिताडा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असलेला मीटरभराचा चोणक बहुधा मादीच, आणि पावसाळ्यात ती नदीच्या मुखाकडे अंडी घालायला आलेली असते. जून-जुलैचे 61 दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते, आणि नेमके तेव्हाच आपण हौशी लोक गरी घेऊन काठावर उभे असतो. अशी मादी लागली तर माझ्या कॅमेऱ्यात ती पाण्यात परत जाताना दिसेल. ओले हात, पोटाखाली आधार, तोंड प्रवाहाकडे, आणि ती स्वतः निसटेपर्यंत धीर.

जागाही दाखवणार नाही. कुंभारजुव्याकडच्या एका मानशीजवळची (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची) जागा कोणीतरी नकाशावरच्या खुणेसकट इंटरनेटवर टाकली. महिन्याभरात तिथे दोऱ्यांची गुंतवळ आणि बाटल्या, आणि बांध तुडवल्यामुळे शेतकऱ्यांशी भांडणं. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं, त्यांचा राग रास्तच होता. मोरजीच्या वाळूवर रात्री दिवे लावून चित्रण तर नकोच. तिथे कासवं अंडी घालतात, आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

सामानाचं थोडक्यात सांगतो. पहिले सहा व्हिडिओ वाऱ्याच्या घोंघावण्याने वाया गेले, तेव्हा माइकवर केसाळ टोपी हवीच. पाण्याखालचं दिसायला पोलरायझर फिल्टर लागतो, तो फिरवला की वरची चमक जाते आणि तळ दिसू लागतो. घरी आल्यावर कॅमेऱ्याचं कवच आधी गोड्या पाण्यात, मग बाकी सगळं.

लिहिणं बंद होणार नाही. प्रत्येक व्हिडिओखाली तिथी, भरतीची वेळ, वारा आणि माशाचं आपल्याकडचं नाव असेल. काळुंदर, तांबसो, मुडदुशी हे शब्द ऐकू आले पाहिजेत, नाहीतर पुढची पोरं सगळ्याला नुसतं 'फिश' म्हणतील.

येत्या अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, आहे, पाणी संथ असेल. आबांनी पहाटे साडेपाचला बोलावलंय. खांद्याला तेल लावून ठेवतो म्हणालेत.