हलू नका, साहेब

लिफ्टचं दार मिटलं आणि शेजारच्या काकांनी चष्मा काढला. रुमालानं पुसला, घातला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काढला.

"साहेब, जरा हलू नका. तुम्ही हललात की शर्ट मागे राहतोय."

मी हललो नाही. का कोण जाणे!

"आत पट्टे, बाहेर चौकड्या?"

"हो."

"मुद्दाम?"

या एका 'मुद्दाम'नं आरशापुढचा अर्धा तास पाण्यात गेला. काका स्वतः वरून खालपर्यंत एकाच तपकिरी रंगात होते, कपाटाला हात फुटावेत तसे. पण संताप त्याचा नाही. माणूस बरोबर बोलत होता, त्याचा आहे.

शर्टाचे पट्टे अर्धा सेंटिमीटर, जॅकेटच्या चौकड्याही तेवढ्याच. दोन नक्ष्या एकाच मापाच्या असल्या की पुढे कोण नि मागे कोण हे डोळ्याला ठरवता येत नाही, आणि मग सगळंच लुकलुकतं. एक नक्षी दुसरीच्या निदान दोन-तीनपट मोठी हवी. दोघींत एखादा रंग सामाईक हवा. तरीही भांडल्या, तर मध्ये साधा स्वेटर घालावा, तो पंचाचं काम करतो. बारीक हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी वीण) चार पावलांवरून साधंच दिसतं, डेनिमही साध्यातच धरावं. खात्री नसेल तर फोनवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन्ही कापडं एकाच करड्या छटेची आली, तर एक बदलायचं. हे सगळं मला पाठ आहे. अंगावर मात्र पट्टे आणि चौकड्या!

"आणि हात असे फाकवून का उभे आहात? उडताय का?"

तेही खरं. आत जाड फ्लॅनेल, वर बिनअस्तराचं कॉर्डरॉय. दोन्ही खरखरीत, त्यामुळे शर्टाची बाही कोपरापर्यंत वर गोळा झालेली. आतला कफ मुठीत धरून हात घातला असता तर टळलं असतं. पण मुंढ्याचं काय करणार? वरच्या कपड्याचा मुंढा आतल्यापेक्षा ऐसपैस नसेल तर काखेत उशी होते. आत पातळ, बाहेर जाड, आणि जॅकेट विकत घेतानाच आतल्या थरांवर घालून बघायचं. शर्ट जॅकेटखाली दोन सेंटिमीटर लोंबला तर विसरल्यासारखा दिसतो, एकतर सहा-सात लोंबू द्या नाहीतर खोचा. माझा दोन होता.

'दहा कपड्यांत तीस पोशाख' असं सांगणाऱ्यांचा खरं तर जास्त राग येतो. गणित चुकलेलं नाही, 5 शर्ट, 3 पँट, 2 जॅकेटं, गुणाकार 30. पण तीन शर्ट पट्ट्यांचे, एक पँट आणि एक जॅकेट चौकड्यांचं, आणि सगळ्या नक्ष्यांचं माप सारखं असेल, तर दोन नक्ष्या एकत्र न आणता 16 उरतात. बाकीचे 14 लिफ्टमध्ये घालायचे.

दार उघडलं. काका बाहेर पडले, वळले, खाली वाकून पाहिलं.

"मोजे मात्र झकास हं."

मोजे साधे काळे होते.