चहा देणारीलाही खुर्ची हवी

गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या कार्यालयात मी १९ वर्षं नोकरी करते आहे. आमच्याकडे नोकरदार बायकांचा एक गट आहे. प्राध्यापिका, कारकून, ग्रंथालयातल्या, प्रयोगशाळेतल्या, साफसफाईवाल्या, सगळ्यांसाठी म्हणून काढलेला. त्याचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांत गेली ४ वर्षं मीही आहे, त्यामुळे पुढे जे चुकलं म्हणून लिहिणार आहे त्यात माझाही वाटा आहे.

पहिली दोन वर्षं आम्ही जे करत होतो ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. ८ मार्च, एका रंगाच्या साड्या, दाराशी रांगोळी, समई, पाहुणीला झाड, भाषण, पॅटिस आणि पेढ्याचा खोका, फोटो. वेळ संध्याकाळी साडेचार. हॉल भरायचा. आम्ही खूश.

दुसऱ्या वर्षी आमच्या विभागातल्या मावशीला मी म्हटलं, "तुम्हीपण बसा की आत." ती ट्रे हातात घेऊन दाराशी उभी होती. म्हणाली, "आमी थंय बसल्यो जाल्यार च्या कोण दितलो?" म्हणजे, आम्ही तिथे बसलो तर चहा कोण देणार? तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरच अडचण विचारत होती. चहाचं काय करायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही, आणि ती पूर्ण वेळ उभीच राहिली. हॉलमधल्या बायका मी तेव्हा पहिल्यांदा नीट मोजल्या. कंत्राटावरची एकही बसलेली नव्हती. ज्या होत्या त्या चहा देत होत्या, नाहीतर मागे खुर्च्या लावत होत्या.

हा दिवस मुळात कुणाचा? १९१० साली कोपनहेगनला क्लारा झेटकिन यांनी महिला दिनाचा प्रस्ताव मांडला तो समाजवादी, कामकरी बायकांच्या परिषदेत. हे मी दरवर्षी सूत्रसंचालन करताना वाचून दाखवत होते, आणि समोर हे चित्र.

मग आम्ही तिघी-चौघींनी बसून आधी वेळेचा विचार केला. आमच्याकडे वाळपई, साखळी, पेडणे, काणकोणहून येणाऱ्या बायका आहेत. वाळपईची बाई सकाळी साडेसहाला घर सोडते. संध्याकाळी सुटली की पणजी स्टँड गाठायचं, बस पकडायची, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक. मडगावच्या बायकांना शटल बस तरी आहे, तरी रांग असतेच. वाळपईच्या बाईला साडेचारचा कार्यक्रम म्हणजे सहा वाजता सुटका. एक बस चुकली की पुढचं सगळं तासभर मागे जातं. न येणाऱ्या बायकांना रस नाही, असं आपण किती सहज म्हणून टाकतो! आता आमचा कार्यक्रम महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, ४० मिनिटं. आपापला डबा आणायचा. पाहुणी असेल तर तीही डबा आणते. चहाचे थर्मास टेबलावर ठेवतो आणि जिने तिने उठून घ्यायचा. एवढ्या एका बदलाने मावशी बसली.

हळदीकुंकवाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कुणाला राग आला तरी. मी घरी दरवर्षी करते, वाण लुटते, मला ते मनापासून आवडतं. पण संक्रांतीनंतर आम्ही ते ऑफिसात केलं तेव्हा माझ्याच शेजारच्या टेबलावरची, नवरा जाऊन आठ महिने झालेली मैत्रीण मान खाली घालून फाईल चाळत बसली होती. ख्रिश्चन आणि मुसलमान मैत्रिणी आल्या, हसल्या, पण पाहुण्यासारख्या. ज्या समारंभात कुणाला बोलवायचं हे कपाळ बघून ठरतं, तो कामाच्या ठिकाणच्या गटाचा असू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी करू या ना, हवं तितकं. ऑफिसात तिळगूळ सगळ्यांना देता येतो.

गोव्यातल्या बायकांना एकत्र कसं यायचं हे कुणी शिकवायची गरजच नाही. पौषात आमच्या वाड्यावर मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, धालो होतात, बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव. रात्री घरची कामं आटपून बायका जमतात, समोरासमोर दोन फांती, म्हणजे रांगा, करतात, हात गुंफून वाकत पुढे जातात, मागे येतात. व्यासपीठ नाही, पाहुणी नाही. सगळ्या गाणाऱ्या, सगळ्या ऐकणाऱ्या. आणि वेळ बायकांच्या सोयीची. आम्ही खुर्च्या गोलात मांडायला लागलो ती कल्पना मला तिथूनच सुचली.

सगळ्यात जास्त गर्दी कशाला झाली सांगू? दोन सह्यांना. आपल्याकडे लग्नाची नोंद करताना सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी एक सही होते आणि मग ठरलेल्या मुदतीत दुसरी. पहिली सही झाली की लग्न नोंदलं असं समजून बसलेल्या दोघीजणी आमच्यातच निघाल्या. त्या दिवशी बोलावलेल्या वकीलबाईंनी पोर्तुगीज काळापासून, १८६७ च्या सिव्हिल कोडपासून चालत आलेला नियम सोप्या भाषेत सांगितला. वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, अर्धा हिस्सा बायकोचा, आणि घर-जमीन विकायची तर तिचीही सही लागते. हे आम्ही सगळ्या अर्धवट ऐकून होतो. ४० मिनिटं संपली तरी कुणी उठेना, शेवटी दोघी वकीलबाईंबरोबर बोलत फाटकापर्यंत गेल्या.

दुसरा विषय लैंगिक छळाच्या कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा, विद्यापीठांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम, हे भिंतीवरच्या फलकावर असतं आणि फलक इंग्रजीत. आम्ही तो कोकणी-मराठीत मोठ्याने वाचला. कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्याच जणी त्या कायद्यात येतात हे ऐकल्यावर मागच्या रांगेत कुजबुज झाली. तक्रार ३ महिन्यांच्या आत करायची, आणि स्वतः लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे कामाच्या ठिकाणच्या तक्रार समितीचं काम आहे. "म्हणजे मी फक्त सांगायचं?" एकीने विचारलं. हो, फक्त सांगायचं. तिने पुढे काय केलं ते लिहिणार नाही, ते तिचं आहे.

प्राध्यापिकांपैकी काहीजणींना वाटतं की गटाची पातळी खाली आली. मला त्यांचं म्हणणं समजतं. संशोधन, बढती, परिषदांना जाताना मूल कुणाकडे ठेवायचं, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि त्यावरही आम्ही बसलो. पण मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न झाडू मारणाऱ्या बाईलाही आहे, आणि तिच्याकडे तर सुट्टी मागायची सोयही नसते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दुरुस्तीत ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही आलं. हे मी विचारल्यावर हात वर करणाऱ्या तिघीच होत्या.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत दुसरं काही नाही. सहा वर्षांखालची मुलं कुणाकुणाची आहेत, दिवसभर ती कुठे असतात, याची यादी करायची आहे. कायम, हंगामी, कंत्राटी, सगळ्यांची एकाच कागदावर. नावं लिहून घ्यायला मावशीची दहावीतली मुलगी येणार आहे, तिचं अक्षर चांगलं आहे.