‘एकदा रोलिंग टाका, जन्मात फॉरमॅट नाही’ : त्या मेसेजला उत्तर

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतो आहे. मतलब असा : जुन्या पीसीवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकायचं तर रोलिंगच टाका, म्हणजे वेगळ्या आवृत्त्या न काढता सतत थोडं थोडं नवं होत राहणारं : आर्च किंवा टम्बलवीड. एकदा टाकलं की जन्मात फॉरमॅट नाही. सगळं कायम नवं, म्हणून सगळ्यात सुरक्षित. डेबियन आणि उबुंटू एलटीएस (दीर्घ सपोर्टची आवृत्ती) हे ठरावीक आवृत्त्यांचे लिनक्स म्हणजे शिळं सॉफ्टवेअर, त्यातली भोकं तशीच, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा फॉरमॅट.

लिनक्स टाका, इथवर कुणाचं भांडण नाही. पुढचं मात्र तपासून घ्यायला हवं, कारण हा मेसेज वाचून शाळेच्या लॅबमध्ये आणि सेवा केंद्रांच्या टेबलांवर आर्च बसवायला निघालेले भाऊ मला ठाऊक आहेत.

आधी फॉरमॅटचं. ही विंडोजची सवय आहे, तिचा डेबियनशी संबंध नाही. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये १३. जाताना सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या सोर्सच्या फाइलमध्ये आवृत्तीचं नाव बदलायचं आणि एपीटीला (डेबियनचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन) पूर्ण अपग्रेड सांगायचं. डेटा आणि सेटिंग जागेवर राहतात. उबुंटूच्या एका एलटीएसवरून दुसऱ्यावर असंच जाता येतं, आणि दोन वर्षांनी जायलाच हवं असंही नाही, कारण सपोर्ट पाच वर्षांचा असतो. घाई फेडोरा या आणखी एका लिनक्सला असते : सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, जुनीला साधारण तेरा महिने. तिथेही फॉरमॅट लागत नाही.

आता ‘जुना नंबर म्हणजे उघडी भोकं’. हा गैरसमज सगळ्यात चिवट. डेबियनची सुरक्षा टीम नवी आवृत्ती आणत नाही, तर नव्या आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी काढून जुन्या कोडवर बसवते. विहिरीवरची मोटर जळाली की आपण वाइंडिंग करून आणतो, म्हणून पाटीवरचं वर्ष बदलत नाही, हे तसंच. पॅकेजच्या (बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या) नंबरामागे ‘डेब१२यू३’ अशी शेपटी दिसते, ती त्या वाइंडिंगची पावती. नुसता पुढचा नंबर बघून ‘हे २०२३ चं आहे’ म्हणणाऱ्याने शेपटी वाचलेलीच नसते. उबुंटूबद्दल एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी : युनिव्हर्स या समुदायाने सांभाळलेल्या भांडारातल्या पॅकेजांना सुरक्षेची पूर्ण हमी उबुंटू प्रो ही सेवा चालू केल्यावरच मिळते. घरगुती वापरात ते पाच मशीनपर्यंत फुकट आहे, पण चालू करावं लागतं आणि बहुतेक जण करत नाहीत.

आणि ‘नवं म्हणजे सुरक्षित’? २९ मार्च २०२४ आठवा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर. एसएसएच या दूरच्या मशीनवर जायच्या सोयीने लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त जातो, एवढ्या संशयावरून तो खोदत गेला आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. ‘जिआ टॅन’ नावाने वावरणाऱ्या कुणीतरी वर्ष-दोन वर्षं विश्वास कमावून तो ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत घातला होता. त्या पोचल्या कुठे? टम्बलवीड, काली हे आणखी एक रोलिंग लिनक्स, डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखा, फेडोराची चाचणीतली आवृत्ती. म्हणजे जिथे नवं सगळ्यात आधी येतं तिथे. डेबियन स्टेबल (लोकांसाठी सोडलेली पक्की आवृत्ती), तोवर प्रसिद्ध झालेल्या उबुंटूच्या आवृत्त्या आणि रेड हॅट एंटरप्राइज यांत ती आवृत्ती पोचलीच नव्हती. आर्चमध्ये पोचली होती, पण तिथला एसएसएच त्या लायब्ररीला जोडलेला नसल्याने सापडलेला मार्ग बंद होता. ज्यांचं एसएसएच इंटरनेटला उघडं होतं अशा टम्बलवीडवाल्यांना ते बनवणाऱ्या ओपनसुसेने काय सांगितलं? नव्याने इन्स्टॉल करा. जन्मात फॉरमॅट नाही म्हणे!

एका प्रकरणावरून रोलिंग वाईट ठरत नाही. एखादं भोक आधी नव्या आवृत्तीत बुजतं, असंही घडतं. पण ‘नवं म्हणून सुरक्षित’ हे समीकरण तिथे मोडलं.

जन्मभराच्या वायद्याचंही तसंच. आर्चने २०१७ मध्ये ३२-बिट (जुन्या पिढीच्या प्रोसेसरच्या) मशीनचा आधार काढला. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांचा ५९० ड्रायव्हर आला आणि जीटीएक्स १०-मालिकेची कार्डं त्यातून गळाली. आर्चवर न वाचता अपडेट मारणाऱ्यांसमोर काळा पडदा. डेबियननेही १३ पासून ३२-बिट इन्स्टॉलर काढला, पण ते आवृत्ती बदलताना, आधी सांगून. बारावरच थांबायचं की पुढे जायचं, हे तुम्ही तुमच्या सवडीने ठरवता. रोलिंगमध्ये ही सवड नसते.

खरी अडचण मात्र आपल्या भागाची आहे आणि मेसेज तिच्यावर गप्प आहे. मे महिन्यात शाळा बंद, पारा चव्वेचाळीसला, लॅबला कुलूप. जूनमध्ये उघडल्यावर आर्चच्या मशीनवर एक साधं प्रिंटरचं पॅकेज टाकायला जा. मशीनवरची पॅकेजांची यादी जुनी, तिच्यातली फाइल सर्व्हरवरून गेलेली. यादी तेवढी ताजी करून एकच पॅकेज टाकणं आर्चला मंजूर नाही. अर्धवट अपडेटने लायब्रऱ्यांचा मेळ बिघडतो. म्हणजे आधी सगळं अपडेट. पॅकेजांच्या सह्या तपासणाऱ्या डिजिटल किल्ल्या शिळ्या झाल्या असतील तर आधी त्यांची दुरुस्ती. मग एक-दोन जीबी डाउनलोड, तेही मास्तरांच्या मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर, गुणिले लॅबमधली मशीन. डेबियनवर या काळात येतात त्या निवडक दुरुस्त्या, आणि प्रिंटरचं पॅकेज आहे तसं बसतं.

त्यात लाइट गेली तर? अपडेट अर्ध्यात तुटणं दोघांनाही वाईटच. पण उबुंटू-डेबियन जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) ठेवून नवा बाजूला बसवतात, नवा बिघडला तर ग्रब या मशीन सुरू होतानाच्या मेन्यूतून जुना निवडून काम चालतं. आर्च जुन्याच्या जागी नवा ठेवतं. त्यामुळे अपडेटनंतर रीस्टार्ट केलं नाही तर पेनड्राइव्ह लावूनही उघडत नाही, असं होतं. चालू कर्नलची मॉड्यूल (गरजेला लागणारे जोडभाग) डिस्कवरून गेलेली असतात. सेवा केंद्रावर रांग लागलेली असताना हे कुणी निस्तरायचं?

शिळ्या सॉफ्टवेअरचा मुद्दा अर्धा खरा आहे. नवाकोरा लॅपटॉप, नवं ग्राफिक्स कार्ड किंवा वायफाय चिप असेल तर डेबियन स्टेबल कधी कधी ते ओळखतच नाही. तिथे रोलिंग किंवा फेडोरा घ्यावं. टम्बलवीड तर आर्चच्या पंक्तीत बसवणंच चूक : ते प्रत्येक फेरी ओपनक्यूए या आपोआप चाचणी घेणाऱ्या यंत्रणेवर तपासून सोडतात, आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमचे स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या वेळच्या अवस्थेच्या नोंदी) असल्याने बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच आहे. पण विंडोज ११ ने नाकारलेल्या पीसीला नव्या ड्रायव्हरची गरजच काय? ताजं लिबरऑफिस हवं तर फ्लॅटपॅक या कुठल्याही लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायच्या पद्धतीतून मिळतं. फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घ सपोर्टची) आवृत्ती डेबियन नेमाने पुढे नेतं.

म्हणून लॅब आणि दुकानासाठी डेबियन स्टेबल, सुरक्षा अपडेट आपोआप लागतील असं ठेवून. तरीही आर्चच टाकायचं असेल तर सोबत एलटीएस कर्नल बसवा, अपडेटआधी आर्चच्या मुख्यपानावरची बातमी वाचा, आणि यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या वेळेला पॅकमनला (आर्चचं अपडेटचं साधन) हात लावू नका.