कॅनबेरा रेडर्सची शिस्त : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅनबेरा रेडर्स या ऑस्ट्रेलियातील रग्बी लीग क्लबने २०१३ मध्ये जॉश डुगनचा करार रद्द केला, त्या निर्णयाचे मी लेखात समर्थन केले होते. घराच्या छपरावर बसून मित्राबरोबर दारू पिणे हा खेळाडूचा खासगी मामला आहे, त्यापायी त्याची रोजीरोटी काढून घेणे म्हणजे शिस्त नव्हे, सोवळेपणा; फार तर पगार कापावा, असा तुमचा आक्षेप आहे.

छपरावरचे छायाचित्र गाजले. डुगनने सरावाला दांडी मारली होती, हे मात्र त्या गाजावाजात मागे पडले. माझा मुद्दा दारूचा नव्हता, दांडीचा होता. रग्बी लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून अडवल्यानंतर) बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे जाऊन पुन्हा एका ओळीत पुढे यावे लागते. त्यात एक जण जरी अर्धे पाऊल रेंगाळला तरी फट पडते आणि समोरचा हाफबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, नेमकी तीच हेरतो. ही ओळ सामन्याच्या दिवशी आपोआप जमत नाही, ती आठवडाभर कंटाळा येईपर्यंत एकत्र धावूनच बसते. मागून हाका देऊन ती लावण्याचे काम फुलबॅकचे, म्हणजे सर्वांत मागे उभ्या असलेल्या खेळाडूचे, असते, आणि डुगन फुलबॅक होता.

तरीही प्रत्येक बेशिस्तीला हकालपट्टी हेच उत्तर, असे मी म्हटलेले नाही. याच क्लबने २००८ मध्ये टॉड कार्नीला काढले; २०१० मध्ये सिडनी रूस्टर्सकडून खेळताना त्याने वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक पटकावले, आणि पुढच्याच वर्षी रूस्टर्सनाही त्याला काढावे लागले. डुगनलाही सेंट जॉर्ज इलावाराने लगोलग उचलले. अशाने खेळाडूची फक्त जर्सी बदलते. जॅक वायटनच्या बाबतीत रेडर्स निराळे वागले. २०१८ मध्ये त्याने मारहाणीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, बंदी आणि दंड दोन्ही सोसले, पण क्लबने त्याला सोडले नाही. २०१९ चा अंतिम सामना संघ हरला, तरी सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक त्यालाच मिळाले. (गुणवान होता म्हणून ठेवला, असे तुम्ही म्हणाल. डुगन काय कमी गुणवान होता?)

नियमांचा बडगा खेळाडूंवरच पडतो, हे तुमचे म्हणणे मात्र रास्त आहे. मेलबर्न स्टॉर्म या क्लबने वेतनमर्यादा (खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा) चुकवण्यासाठी दुहेरी हिशेब ठेवल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा २००७ आणि २००९ ची विजेतेपदे गेली आणि त्या हंगामात कितीही सामने जिंकले तरी गुण मिळणार नाहीत असे ठरले. लबाडी कार्यालयात झाली. शून्य गुणांसाठी दर आठवड्याला अंग मोडून घ्यायला उतरले ते खेळाडू.

गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्याला निकालापर्यंत पूर्ण पगारावर मैदानाबाहेर ठेवण्याच्या लीगच्या २०१९ च्या नियमाबद्दल तुमच्याइतकाच मीही साशंक आहे. ज्याच्या प्रकरणातून तो नियम आला, तो खेळाडू २०१९ आणि २०२० हे दोन्ही हंगाम बाहेर बसला आणि २०२१ मध्ये सरकार पक्षाने उरलेले आरोप मागे घेतले. खटला लांबला, तर ठरावीक मुदतीनंतर अशा निर्णयाचा फेरविचार व्हायला हवा. तुम्ही सुचवलेली पगारकपात मात्र तेथे चालणार नाही, कारण गुन्हा सिद्ध होण्याआधी पगार कापणे हीच शिक्षा ठरेल.