दोनशे चौकटींशी चर्चा

दोनशे मुलांचा ऑनलाइन वर्ग मिळालाय आणि वर चर्चाही रंगवायची आहे? अभिनंदन! फुकटातल्या गूगल मीटवर शंभरच माणसं मावतात, म्हणजे निम्मी डोकेदुखी दारातच मिटली.

विषय गोव्यातल्या खाणींचा घ्या. प्रश्न मात्र असा, की उत्तर मोबाईलवर आयतं सापडावं: 'खाणींचे फायदे-तोटे सांगा.' 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा तुमच्या वाड्यावर काय झालं, असं चुकूनही विचारू नका. वर्गात सावर्ड्याची एखादी मुलगी असतेच, जिच्या बापाचा ट्रक त्या मार्चपासून अंगणात उभा राहिला. डिचोलीचा एखादा मुलगा असतो, ज्याच्या शेतात पावसाबरोबर लाल चिखल उतरायचा. ही दोघं तोंड उघडून बसली तर भांडतील, एकमेकांचं ऐकतीलसुद्धा, आणि तुमच्या स्लाइड्स राहतील तशाच.

प्रश्न विचारला की लगेच उत्तरही आपणच द्यावं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, विचार करून बोलतात. बाईंचं बरोबर असेल, पण ऑनलाइन वर्गात तीन सेकंदांत आपल्याच घरचा पंखा ऐकू यायला लागतो. तेव्हा 'आवाज येतोय ना?' विचारून मोकळे व्हा.

चार-पाच जणांचे गट जरूर पाडा. फक्त काय ठरवायचं, परत येऊन कोणी सांगायचं, हे सांगू नका. सांगितलंत तर कामाला लागतील. न सांगता सोडलीत तर माइक बंद ठेवून एकमेकांची आद्याक्षरं न्याहाळत बसतील, बिचारी.

भाषेचंही सांभाळा. मराठी प्राथमिक शाळेतून आलेली पेडण्याची पोर कोंकणी-मराठीत फडाफडा बोलू लागली की 'इन इंग्लिश, प्लीज' एवढंच म्हणा. सत्र संपेपर्यंत पुन्हा त्रास नाही. कॅमेऱ्याची सक्ती हवीच, त्यातही सांग्याच्या त्या पोराला, जो रेंजसाठी डोंगर चढून एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल धरून उभा आहे. अर्ध्या वाक्यावर त्याचा चेहरा गोठला, तर 'तयारी करून येत जा' म्हणून सुनवा.

आणि हो, स्क्रीनशॉट पहिल्या पाच मिनिटांतच काढा. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फाइलीत 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' या मथळ्याखाली तोच लावायचा असतो.